पाणी मिळेपर्यंत बसायचं

नडगी मोडल्याचा आवाज तानुबाईंच्या ओळखीचा होता. त्यामुळं रेफरीची शिट्टी वाजायच्या आधीच त्या बाकावरून उठल्या. मैदानाच्या मधोमध चाकणच्या संघाचा दिग्विजय आडवा पडला होता आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली, जिथं सांधा नसतो तिथं, वाकला होता. क्षणभर पोरगा ओरडलाही नाही. पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा नुसता त्याच्याकडं बघत राहिला. मग ओरडला, आणि त्यासरशी दोन्ही बाजूंची माणसं मैदानात घुसली.

त्याच्या उशाशी समाधान उभा होता. तानुबाईंचा नातू, दापोडीच्या भट्टी फुटबॉल क्लबचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू. पहिल्या अर्ध्या तासातच दिग्विजयनं कोपर मारून त्याचा ओठ फोडला होता आणि त्यानंतर सारखं त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होता. चेंडू केव्हाच पुढं निघून गेला होता. बाकीच्यांनी काय पाहिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. तानुबाईंनी पाहिलं ते असं, की समाधाननं चेंडूकडं बघितलंच नाही. त्यानं पायाकडं बघितलं आणि मग झेप घेतली.

पुढं जे झालं त्याला सामना म्हणता येत नाही. कुणी कॉर्नरचा झेंडा काठीसकट उपटला, कुणी हेल्मेट फिरवलं. भट्टीचा कॅप्टन प्रज्योत, त्याची भुवई उभी चिरली. डोळ्यात रक्त उतरलेलं असताना त्यानं चाकणच्या एका पोराला खाली घेतलं आणि त्याचं तोंड मातीत घासत राहिला. तिघांनी ओढून काढलं तेव्हा त्या पोराचे पुढचे दात नव्हते. समाधाननं मात्र हात उचलला नाही. पाठीत लाथा बसत होत्या, त्या खात तो तिथंच उभा राहिला.

दिग्विजयचा बाप सयाजी धावला नाही. चाकणकडच्या निम्म्या कंपन्यांना माणसं पुरवण्याचा ठेका त्याचा, भामा क्लब हा संघ त्याचाच, आणि धावायची सवय त्याला राहिलेली नव्हती. पोराला स्ट्रेचरवर घेतल्यावर तो सावकाश चालत आला आणि समाधानपुढं थांबला.

"नाव काय तुझं? कुठल्या कंपनीच्या गेटला लागतोस कामाला?"

समाधाननं दोन्ही सांगितलं. सयाजीनं मान हलवली आणि तो गाडीकडं गेला.

समाधानला लाल कार्ड मिळालं. उरलेली मिनिटं भट्टीवाले दहा जणांत खेळले आणि एका गोलानं जिंकले. आता पुढच्या रविवारी फायनल. ती जिंकली की भट्टी क्लबचं नाव जिल्ह्याच्या लीगमध्ये लागणार होतं, आणि त्या नावासाठी तानुबाईंचं अख्खं आयुष्य गेलं होतं. पण त्या दिवशी मैदानावरून परतताना त्यांना फायनलची आठवणही झाली नाही. पोराला आता पाण्याला न्यायला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पाण्याला जाणं काय असतं ते दापोडीत लहान पोरालाही माहीत आहे. बाहेरच्याला सांगावं लागतं.

क्लब काढला तो फाउंड्रीतल्या भट्टी खात्याच्या लोकांनी, एकोणऐंशी साली. तानुबाईंचा नवरा भिवा त्यांचा म्होरक्या. साच्यांतून निघालेली जळकी काळी वाळू कंपनी रेल्वेलाईनीच्या कडेला टाकायची. ती पसरून या लोकांनी मैदान केलं. त्यावर पडलं की कातडं सोलायचं आणि वाळू आत राहून जायची. त्या वेळचे म्हातारे अजून दिसतात कुठंकुठं, त्यांचे गुडघे निळेकाळे आहेत. तिसरी शिफ्ट सुटली की आंघोळ न करता माणसं थेट खेळायला यायची. बायका डबे घेऊन कडेला बसायच्या. तानुबाईंना ते दिवस आठवले की आजही नाकात जळक्या वाळूचा वास येतो आणि बरं वाटतं.

पण ते खेळ कधी सोज्वळ नव्हते. लाईनीपलीकडच्या वस्तीचा संघ होता, त्यांचा गोलकीपर सुदाम. एकदा तो भिवाच्या पायांवर झेपावला आणि भिवानं पाय मागं घेतला नाही. सुदामचा डोळा गेला. त्यानंतर महिनाभर दोन वस्त्यांत रणकंदन चाललं. रुळांवरची खडी घरांच्या पत्र्यांवर पडायची, सायकलच्या चेनी निघायच्या. रात्रपाळीला एकट्यानं जायची कुणाची टाप नव्हती. भट्टीतल्या एका माणसाला रुळांखालच्या बोगद्यात गाठून त्याचा हात कोपरापासून उलटा फिरवला, तो हात पुन्हा कधी भट्टीतलं अवजार धरू शकला नाही.

मग एका सकाळी भिवानं अंड्यांचा डबा घेतला आणि तो सुदामच्या दारात जाऊन बसला. शेजारी मूल कडेवर घेऊन तानुबाई. सुदामच्या भावांनी त्याला दारातच तुडवला. भिवानं हात उचलला नाही, उठलाही नाही. पुन्हा बसला, पुन्हा मार खाल्ला. ऊन कलल्यावर सुदामची आई बाहेर आली आणि तिनं तांब्याभर पाणी त्याच्यापुढं ठेवलं. तो प्यायला. तिथं ते संपलं.

तेव्हापासून भट्टी क्लबचा एकच कायदा. समोरच्याला मोडलंस, तर त्याच्या दारात जायचं. मार पडला तर खायचा. पाणी मिळेपर्यंत बसायचं. पाणी प्यालं की हिशेब मिटला, मग कुणी मागचं काढायचं नाही. कंपनी बंद पडली, वाळूचं मैदान गेलं, भिवा गेला, कायदा राहिला. तो नसता तर हा क्लब कुठला, एक टोळीच, असं भिवा म्हणायचा आणि तानुबाईंनी ते गाठीला बांधून ठेवलं होतं. पोरांच्या जर्सी त्या धुवायच्या, आणि कुणी पाण्याला जायला टाळाटाळ केली तर त्याची जर्सी धुवायच्या नाहीत. न धुतलेली जर्सी घालून आजवर कुणी मैदानात उतरलेला नव्हता.

त्या संध्याकाळी घरात पहिला विरोध केला मिनलनं. ती समाधानची थोरली बहीण, हिंजवडीत नोकरी करणारी आणि क्लबची सेक्रेटरी. मुलींचा संघ तिनं उभा केला, जर्सीवर नाव छापणारा दुकानदार तिनं शोधला. लीगमध्ये नाव लागलं की महापालिकेकडं स्वतःचं मैदान मागायचं, अर्ज तिचा तयार होता. आजीपुढं ती आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"आजी, सुदाम आणि आजोबा एकाच कॅन्टीनमध्ये जेवायचे. एकमेकांना ओळखत होते ते. हा सयाजी आपल्याला माणसांत मोजत नाही. तू पोराला त्याच्या हातात नेऊन देतेयस."

प्रज्योतचंही तेच म्हणणं होतं. त्याच्या भुवईला टाके पडले होते. तो म्हणाला, जायचंच तर सगळे जाऊ, पाईप घेऊन जाऊ.

तानुबाईंनी समाधानला विचारलं, चेंडू होता का तिथं.

"नव्हता," तो म्हणाला. "बापाला सांगून तुझं काम बंद करतो म्हणाला. वर आईवरून बोलला. मग मी चेंडू सोडला."

"मग चल," तानुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती दोघं नाशिक फाट्यावरून बसनं चाकणला गेली. मोशीला नेहमीसारखी वाहतूक तुंबलेली. समाधानच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात भुशात ठेवलेली गावठी अंडी. कंपन्यांच्या भिंतींच्या मधे गावाचा जो तुकडा उरलाय तिथं सयाजीचा बंगला. आवारात दोन जेसीबी आणि पाण्याचे टँकर. तानुबाई उंबरा शोधत होत्या. उंबरा नव्हताच. लोखंडी गेट होतं आणि त्यावर कॅमेरा. दोघं गेटसमोर मातीत बसली.

तानुबाईंना वाटलं होतं ऊन कलेपर्यंत बसावं लागेल. तसं झालं नाही. लगेच गेट उघडलं आणि वॉचमननं आत बोलावलं. आत आल्यावर गेट मागं लागलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मागं वळून बघितलं.

चार माणसं होती. त्यांनी समाधानला टँकरच्या मागं नेलं आणि न बोलता मारायला सुरुवात केली. रागानं मारतात तसं नाही, पोती उतरवतात तसं. एकजण दमला की दुसरा पुढं. डबा उलटला, अंडी फुटली, त्या चिकट बलकावरून समाधान घसरत होता आणि प्रत्येक वेळी उठून पुन्हा मांडी घालून बसत होता. तानुबाई मधे पडल्या नाहीत. कायद्यात मधे पडणं बसत नव्हतं. बरगड्या मोडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी स्वतःचं मनगट दातात धरलं.

मग सयाजी आला. त्याच्या मागून दिग्विजयला खुर्चीत बसवून आणलं, पाय प्लॅस्टरमध्ये, चेहरा पिवळा पडलेला. सयाजीनं जेसीबीच्या पान्याची लांब दांडी पोराच्या हातात दिली. दोघांनी समाधानचा पाय टँकरच्या पायरीवर ताणून धरला.

"मार," सयाजी म्हणाला.

दिग्विजय बापाकडं बघत राहिला. समाधान त्याच्याकडं बघत होता. "मार ना राव," समाधान म्हणाला, "मलाबी घरी जायचंय."

पहिला घाव नीट बसला नाही. सयाजीनं पोराच्या कानाखाली वाजवली. दुसरा बसला.

समाधान ओरडला ते ऐकून बंगल्यातून एक म्हातारी बाहेर आली. सयाजीची आई, रुक्मिणीबाई. तिनं आवारातला सगळा प्रकार बघितला, लेकाकडं बघितलं, आणि आत जाऊन तांब्या घेऊन आली. तो तिनं तानुबाईंपुढं धरला.

"घे बाई. पोराला पाज. आमी सगळी तशी न्हाई गं."

तानुबाईंनी पाण्याकडं बघितलं. घेतलं असतं तर सगळं मिटलं असतं. गावी, क्लबात, सगळीकडं त्यांना सांगता आलं असतं की मिटलं. त्यांनी तांब्या हातानं बाजूला केला.

"तुमचा पाय मोडला म्हणून आम्ही आलो. आता आमचा मोडलाय," त्या म्हणाल्या. "ज्यानं मोडला त्यानं आता यायचं. दापोडीत, लाईनीच्या कडेला. भट्टीवाल्यांचं घर कुणीपण दाखवील."

सयाजी हसला. त्याच्या माणसांनी समाधानला उचलून एका टेम्पोत टाकलं.

टेम्पोत नातवाचं डोकं तानुबाईंच्या मांडीवर होतं. भोसरीला त्यानं विचारलं, आजी, असं होणार हे तुला माहीत होतं का. त्या त्याच्या केसांतली माती काढत राहिल्या.

पुढचा आठवडा दापोडीच्या त्या गल्लीत कुणी नीट झोपलं नाही. समाधान इस्पितळात, नडगीत सळई. प्रज्योत रोज संध्याकाळी पोरं घेऊन यायचा आणि रोज तानुबाई त्यांना माघारी पाठवायच्या. चाकणला कुणी जायचं नाही. तो पोरगा येईल. प्रज्योतनं एकदा विचारलं, नाही आला तर? तानुबाई म्हणाल्या, म्हातारीनं पाणी आणलं होतं, ज्या घरात पाणी आणणारं माणूस आहे त्या घरातून कुणीतरी येतं. पोरं एकमेकांकडं बघायची. आजीला काही सांगून उपयोग नाही असं ती डोळ्यांनीच बोलायची.

शनिवारी दुपारी तो आला. बापाला न सांगता, आजीला घेऊन, रिक्षानं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि दिग्विजयनं कुबड्या बाहेर काढल्या.

तिथं प्रज्योत उभा होता, फायनलच्या आदल्या दिवसाची प्रॅक्टिस संपवून पोरांसोबत परतलेला. सरावासाठी वापरायच्या गोलपोस्टचे पाईप त्यांच्या खांद्यावर होते.

तानुबाई घरात तांदूळ निवडत होत्या. आरडाओरडा कानावर आला तशा त्या अनवाणी धावल्या. बाहत्तर वर्षांच्या पायांना जेवढं धावता येतं तेवढं. त्या पोचेपर्यंत कुबड्या गटारात होत्या, प्लॅस्टर फुटून आतली पट्टी लोंबत होती आणि दिग्विजयच्या डोक्याची कातडी कपाळावरून सोलल्यासारखी उघडी पडली होती. तो हात उचलत नव्हता. कुणी शिकवलं नव्हतं त्याला, तरी उचलत नव्हता. रुक्मिणीबाई रस्त्यात बसून फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे मनगटातून काढत होत्या आणि कुणाला तरी सारखं म्हणत होत्या, त्यो पाणी प्याया आला व्हता, त्यो पाणी प्याया आला व्हता.

प्रज्योतनं पाईप पुन्हा उचलला. तानुबाई पोरावर आडव्या पडल्या. घाव त्यांच्या खांद्यावर बसला. आतलं काहीतरी लाकडासारखं तुटलं.

"आजी, बाजूला हो," प्रज्योत म्हणाला. त्याला आपण कुणाला मारलं ते अजून कळलं नसावं.

तानुबाई उठल्या नाहीत. त्यांच्या खाली त्या पोराचं काळीज पाखरासारखं फडफडत होतं. त्याचं रक्त त्यांच्या पोलक्यात झिरपत होतं, गरम. त्यांनी मान वळवून मिनलला शोधलं. ती दारातून धावत आली होती आणि पोरांच्या मागं भिंतीला धरून उभी होती.

"मिनल, त्या स्पर्धावाल्यांना फोन लाव. भट्टी उद्या खेळणार नाही म्हणून सांग."

"आजी..."

"लाव."

मिनलनं फोन काढला. याच फोनमध्ये मैदानाचा अर्ज होता, मुलींच्या संघाचे फोटो होते. ती पोरांकडं पाठ करून बोलली. दोनच वाक्यं बोलली. प्रज्योतनं पाईप टाकून दिला आणि अंगातली जर्सी काढून तानुबाईंच्या अंगावर फेकली. चाळीस वर्षं वाट बघितली ती यासाठी का, असं तो विचारत होता. बाकीची पोरं एकेक करून गल्ल्यांत शिरली. तानुबाईंना कुणी उचलायला थांबलं नाही. रिक्षावाल्यानं उचललं.

रविवारी समोरच्या संघाला न खेळता विजयी ठरवलं. लीगमध्ये नाव त्यांचं लागलं. पोलीस येऊन गेले. दिग्विजयनं इस्पितळात जबाब दिला की आपण रिक्षातून पडलो. सयाजीनं तो जबाब फाडायला लावायचा प्रयत्न केला, पोरगा बदलला नाही. पण सयाजी गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. दापोडीची जेवढी पोरं चाकणला कामाला होती, त्या सगळ्यांना सोमवारपासून गेटवरून परत पाठवलं. मंगळवारी त्यांतल्या एकाला स्टेशनजवळ गाठून त्याच्या बोटांवरून मोटरसायकल नेली.

त्या आठवड्यात क्लबाच्या सरावाला कुणी आलं नाही. तानुबाईंचा खांदा पट्टीनं छातीशी बांधलेला. एका हातानं त्या चूल करायच्या, त्याच हातानं इस्पितळातून घरी आणलेल्या समाधानला उठवून बसवायच्या. समाधान म्हणायचा, मोडला आता क्लब. प्रज्योतची जर्सी मोरीच्या कोपऱ्यात रक्तानं कडक होऊन पडली होती. ती त्यांनी धुतली नाही.

गुरुवारी सकाळी प्रज्योत दारात आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आत आला नाही. हातात पिशवी होती, तीत अंडी.

"मी एकटा जातो," तो म्हणाला. "तुला सांगायला आलो फक्त."

"एकट्यानं नाय जायचं."

"आजी, तुझा खांदा मी मोडलाय."

"ते मी इथं बघते. पाणी मी तुला कधीपण देईन. त्यांचं आधी."

तो पायरीवर बसला. मग खालच्या आवाजात विचारलं, "पाय मोडतील माझा?"

"मोडतील."

"आणि मारूनच टाकलं तर?"

आतून मिनल आली होती. तिच्या अंगावर ऑफिसचे कपडे होते, गळ्यात ओळखपत्र. तिला वाटलं आजी आता तरी थांबवेल. तानुबाईंनी चपला पायात सरकवल्या.

"तर मी तिथून उठणार नाही," त्या म्हणाल्या. "चल."

मिनलनं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिळ्याला अडकवलं आणि ती त्यांच्या मागोमाग निघाली.

तिघं बसनं निघाली. मोशीच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या, कंपन्यांच्या बसेस एकामागं एक. प्रज्योत अंड्यांची पिशवी मांडीवर सांभाळून बसला होता. चाकणला उतरून तिघं चालत गेली. बंगल्याच्या गेटवर कॅमेरा त्यांच्याकडं वळला. आत कुत्री भुंकायला लागली. कुणीतरी फोनवर बोलत धावत आत गेलं.

गेट उघडायला सयाजी स्वतः आला. हात मोकळे होते त्याचे, पण मागं तीच चार माणसं उभी होती आणि टँकरची पायरी अजून तिथंच होती. त्यानं प्रज्योतकडं बघितलं, मग तानुबाईंच्या बांधलेल्या हाताकडं.

"हाच का तो?" त्यानं विचारलं.

"हो," प्रज्योत म्हणाला. तो पुढं झाला आणि मांडी घालून मातीत बसला. तानुबाई एका हाताचा आधार घेत त्याच्या उजव्या बाजूला टेकल्या, मिनल डाव्या. चार माणसं बाहेर यायला लागली तरी मिनल उठली नाही.